आजोबांची पलटण, आजोबांचं गाव: सातारा-सांगलीकरांसाठी शोधाची वाट

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान मारले गेले. आपल्याकडे असं कौतुक सांगणारी गावं पुष्कळ आहेत. पण घरात विचारा, "आजोबा कुठल्या पलटणीत होते?" उत्तर येतं, "मिल्ट्रीत होते. बर्मा का इटली, तिकडं कुठंतरी." फोटो असेल तर देवघराशेजारी टांगलेला असतो. त्यापुढची माहिती आजीबरोबर गेलेली असते.

माझ्या घरीही हेच होतं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते आणि १९४६ साली परत आले, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांची पलटण, भरतीची तारीख आणि आमचं घराणं आत्ताच्या गावात कुठून आलं, हे शोधायला मला तीन वर्षं लागली. नीट रस्ता माहीत असता तर वर्षभरात झालं असतं. म्हणून हा लेख, ज्यांनी अजून सुरुवातही केलेली नाही त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. लष्कर तुमच्या आजोबांना नंबराने ओळखतं आणि गाव त्यांना भावकीने ओळखतं. दोन्ही दप्तरं एकमेकांशी बोलत नाहीत. नुसतं नाव घेऊन लष्कराकडे गेलात तर त्या नावाची माणसं शेकड्यांनी निघतील. नंबर घेऊन गावात गेलात तर त्याचा कुणाला उपयोग नाही. दोन्ही टोकं बांधणारा कागद हाती येईपर्यंतचं सगळं काम म्हणजे हा शोध.

आधी घर, मग कचेरी

पहिला महिना कुठल्याही कार्यालयात जाऊ नका. घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांकडे जा. विशेषतः लेकीबाळींकडे जा, म्हणजे आत्या, आजोबांच्या बहिणी, त्यांच्या मुली. सासरी गेलेल्या बायकांच्या आठवणीत माहेर जसंच्या तसं राहतं, असा माझा अनुभव आहे. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि एका बैठकीत तासाभराच्या वर बसू नका. "आजोबांबद्दल सांगा" असं म्हटलं की म्हातारं माणूस गप्प होतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. मनीऑर्डर कुठून यायची? रजेवर आले की काय आणायचे? पायाला किंवा हाताला जखम होती का? कुणाबरोबर भरती झाले? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण भरतीला गावातली पोरं जोडीने जायची. जोडीदाराच्या घरी कागद शिल्लक असेल तर तुमच्या आजोबांची पलटणही बहुतेक कळते.

मग ट्रंक. फौजेतून आलेल्या माणसाची काळी पत्र्याची ट्रंक अजून कित्येक घरांत माळ्यावर पडून आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं असायचं. आमच्या ट्रंकेवर चुलत्यांनी कधीकाळी निळा ऑइलपेंट मारला होता, त्यामुळे मी ती दहा वेळा पाहूनही सोडून दिली होती. एका संध्याकाळी बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाडला, तेव्हा रंगाखालून अक्षरांचे उंचवटे दिसले. आजोबांचा नंबर मला असा मिळाला. तुमच्या ट्रंकेला रंग खरवडू नका, थिनर लावू नका. अंधारात तिरका उजेड टाका आणि फोटो काढा.

ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली, आजीच्या लुगड्यांच्या गाठोड्यात, जुन्या विमा पॉलिसीच्या पाकिटात हे सापडू शकतं: डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचा कागद म्हणजे पीपीओ, मेडल, पे-बुक, पत्रं, मनीऑर्डरची कुपनं. पत्रावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का कापून टाकू नका. त्यातल्या क्रमांकावरून युद्धकाळात ती तुकडी कुठे होती याचा माग काढता येतो.

मेडल सापडलं तर ते चिंच-मिठाने किंवा राखेने घासू नका, ही हात जोडून विनंती. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय मेडलांच्या कडेवरही नंबर-नाव असतं. आमच्या भावकीतल्या एका घरात दर दसऱ्याला मेडल घासून पूजेला मांडायची रीत होती. भक्तीने केलं सगळं, पण कडेवरची अर्धी अक्षरं झिजून गेली. मेडल कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि भिंग घेऊन कड वाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलांवर नाव नसलं तर निराश होऊ नका. तिथे मेडल कोणतं आहे यालाच अर्थ आहे. आफ्रिका स्टार, इटली स्टार आणि बर्मा स्टार हे त्या त्या रणभूमीवर गेलेल्यालाच मिळत.

'इटली' म्हणजे नक्की कुठली इटली?

घरातल्या आठवणी खोट्या नसतात, पण त्यांना साल आणि पलटण जोडावी लागते. आपल्या भागातून सगळ्यात जास्त भरती मराठा पलटणींत झाली, म्हणून तेवढं थोडं खोलात सांगतो.

पणजोबा "बसऱ्याला गेले होते" असं घरात म्हणत असतील तर ते पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमियाची म्हणजे आजच्या इराकची मोहीम. तेव्हा पलटणींना १०३, ११०, ११४, ११६, ११७ असे क्रमांक होते. त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ या पलटणी कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडलं आणि जिवंत राहिलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. घरात "तुर्कांनी धरून नेलं होतं" अशी गोष्ट असेल तर या तीन पलटणींपासून सुरुवात करा. त्या युद्धातल्या कैद्यांच्या याद्या जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत.

१९२२ साली फेररचना होऊन या सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाईट इन्फन्ट्री झाली. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या कागदावर १/५, २/५, ३/५ असं दिसतं. ते अपूर्णांक नाहीत. पहिला आकडा पलटणीचा आणि दुसरा रेजिमेंटचा. १/५ म्हणजे जुनी १०३, 'जंगी पलटण'. २/५ म्हणजे जुनी १०५, 'काळी पाचवी'.

आता इटलीचं. आमच्या घरी "आजोबा इटलीत होते" एवढंच वाक्य होतं आणि मी धरून चाललो की ते तिथे लढले. पहिली आणि तिसरी पलटण खरोखरच इटलीत लढली. तिसरीतले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले आणि पहिलीतल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण इटलीला जायचा आणखी एक रस्ता होता. २/५ ही पलटण जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा शत्रूच्या हाती सापडली आणि त्या वेढ्यातले कैदी समुद्रापलीकडे इटलीच्या छावण्यांत नेले गेले. म्हणजे "इटलीत होतो" असं म्हणणारा एक शिपाई डोंगरावर मशीनगनपुढे असू शकतो आणि दुसरा तारेच्या कुंपणाआड. माझे आजोबा दुसरे निघाले. ते उसाचा बांध कधीच तारेने घालू देत नसत, असं आत्या सांगायची. त्याचा अर्थ मला नंबर लागल्यावर कळला.

'बर्मा' म्हटलं तरी हेच करा. चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या वाटेवर सांगशाकला लढली, म्हणजे ती जागा आजच्या मणिपुरात आहे. घरचे बर्मा म्हणतात, कागद आसाम किंवा मणिपूर म्हणतो, आणि दोघंही बरोबर असतात.

आजोबा मराठा पलटणीतच असतील असं मात्र धरून बसू नका. महार समाजाची लष्करी परंपरा फार जुनी. १८९२ नंतर त्यांची भरती बंद झाली, १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात आजची महार रेजिमेंट सुरू झाली. म्हणून महार घरातल्या शोधात सालांच्या मधली पोकळी दिसली तर ती सरकारी धोरणाची पोकळी आहे, तुमच्या घराण्याची नाही. याशिवाय पायोनियर, तोफखाना, सॅपर्स, सर्व्हिस कोर, हॉस्पिटल, लेबर कोर यांतही आपली माणसं होती. आजोबा खेचरांचा तांडा हाकत होते किंवा लंगरात होते, हे सांगायला काही घरं लाजतात. लाजू नका. तीही नोकरीच होती आणि त्यांतली कित्येक माणसं परत आली नाहीत.

जिल्ह्याचा घोळ

सांगलीकरांनी हा भाग दोनदा वाचावा, कारण माझं एक अख्खं वर्ष इथेच गेलं.

आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे विट्याच्या किंवा शिराळ्याच्या माणसाच्या लष्करी कागदावर १९४९ पूर्वी 'जिल्हा सातारा', पुढची दहा-अकरा वर्षं 'दक्षिण सातारा' आणि मग 'सांगली' असं लिहिलेलं सापडेल. माणूस एकच, गाव एकच.

त्यात संस्थानं वेगळी. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं मार्च १९४८ मध्ये विलीन झाली. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होती. कुंडलचा शिपाई कागदावर 'औंध स्टेट' म्हणून येतो आणि शेजारच्या गावचा 'सातारा' म्हणून. सांगली संस्थानाचे तुकडे तर मंगळवेढ्यापासून तेरदाळपर्यंत विखुरलेले होते. म्हणून शोधायला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा: आपलं गाव १९४० साली कुठल्या जिल्ह्यात किंवा संस्थानात, कुठल्या तालुक्यात, कुठल्या पोस्टाखाली होतं. तलाठी कार्यालयात किंवा गावातल्या जुन्या शिक्षकांना विचारलं तर दहा मिनिटांत कळतं.

नावांचंही तसंच. भरतीच्या टेबलावर कारकुनाने कानाला लागलं तसं इंग्रजीत उतरवलं. चव्हाणांचे चोवान आणि चौहान, पवारांचे पोवार, शिंद्यांचे सिंदे, जाधवांचे जादव आणि जाधाव. कधी आडनाव गाळून बापाचं नावच आडनाव म्हणून लागलं. कधी पाटलाच्या पोराने 'पाटील' सांगितलं, मूळ आडनाव राहूनच गेलं. सगळी रूपं लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्या रूपांनी शोधा. वय तर बहुतेकांचं चुकीचंच. भरती व्हायला पोरं दोन वर्षं वाढवून सांगत.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज

शिपायांची आणि जेसीओंची (सुभेदार वगैरे हुद्द्यांच्या माणसांची) सेवा-कागदपत्रं त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. फौजी त्याला 'रेकॉर्ड' म्हणतात. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौदलातल्या खलाशांसाठी मुंबईचं ब्यूरो ऑफ सेलर्स आहे.

अर्ज साधा असावा, एका पानाचा, इंग्रजीत किंवा हिंदीत. त्यात नंबर, हुद्दा, नाव (सगळ्या रूपांसह), वडिलांचं नाव, भरतीच्या वेळचं गाव-तालुका-जिल्हा, अंदाजे भरतीचं आणि सुटण्याचं साल, आजीचं नाव. सोबत आजोबांचा मृत्यूदाखला, तुमचं त्यांच्याशी नातं दाखवणारा कागद (वारस दाखला, जुनं रेशनकार्ड, वडिलांचा शाळेचा दाखला) आणि तुमचं ओळखपत्र. आई-वडील हयात असतील तर अर्ज त्यांच्या सहीने करा. मुलाचा अर्ज नातवाच्या अर्जापेक्षा लवकर मार्गी लागतो.

'सगळी माहिती द्यावी' असं लिहू नका. नेमकं मागा: भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि कारण, कोणकोणत्या तुकड्यांत नोकरी, मिळालेली मेडलं, भरती फॉर्मवरचा पत्ता आणि वारसाचं नाव. भरतीच्या कागदावर शरीरावरची ओळखीची खूणही लिहिलेली असते. ज्या घरात आजोबांचा फोटोच नाही, तिथे 'डाव्या भुवईवर व्रण' ही एक ओळसुद्धा वाचून माणसं रडतात. मी पाहिलंय.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा रस्ता आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि अर्ज केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. नात्याचा पुरावा इथेही जोडा, नाहीतर 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारतात. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. माझं काम अपिलातच झालं.

"कागदपत्रे नियमानुसार नष्ट केली आहेत" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. पेन्शन नसलेल्या शिपायांची कागदपत्रं सुटल्यानंतर २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. पण प्रत्येक रेजिमेंट 'लाँग रोल' नावाची मोठी नोंदवही ठेवते आणि तिच्यात माणसाची एक-दोन ओळींची नोंद राहते. दुसरा अर्ज करून लाँग रोलमधली नोंद स्पष्ट शब्दांत मागा. आमच्या हातात जे आलं ते त्या एका ओळीतून.

आणि पेन्शनवरून एक मनातलं सांगतो. बऱ्याच घरांत कुजबूज असते, "पेन्शन नव्हती, म्हणजे पळून आले असणार." दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४५ ते १९४७ या काळात लाखो शिपायांना सरकारनेच घरी पाठवलं. पेन्शनला लागणारी १५ वर्षं त्यांची कुठून भरणार? डिस्चार्जच्या कागदावर सुटण्याचं कारण आणि चारित्र्याचा शेरा दोन्ही लिहिलेले असतात. ते वाचल्याशिवाय घरातल्या माणसावर डाग ठेवू नका. माझ्या आजीने तो डाग चाळीस वर्षं सोसला. कागद आला तेव्हा ती नव्हती.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सातारा आणि सांगली दोन्हीकडे आहे. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मासिक अनुदान असतं. आजीने कधी ते घेतलं असेल तर तिथे फाइल असणारच, आणि फाइलमध्ये नंबर. आजची सांगली, कालचा सातारा, हे लक्षात ठेवून दोन्हीकडे विचारा.

जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी

युद्धात वारलेल्यांचा शोध, वाईट वाटतं म्हणताना, पण सगळ्यात सोपा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नावं फुकट पाहता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तिथल्या 'अतिरिक्त माहिती' या रकान्यात माणसाचं नाव न टाकता इंग्रजीत नुसतं 'सातारा' किंवा गावाचं नाव टाका. अख्ख्या पंचक्रोशीतली पोरं एका यादीत समोर येतात. मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा रात्री दोनपर्यंत झोपलो नाही. ज्या आडनावांच्या पोरांबरोबर मी शाळेत गेलो, त्यांच्याच आजोबांची नावं इटलीतल्या आणि बर्मातल्या स्मारकांवर होती, आणि त्या घरांना ते माहीत नव्हतं.

गावातला दगडही बघा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी बऱ्याच गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत पाटी बसवली: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. त्यावर आकडे असतात, नावं सहसा नसतात. पाटीवर चुना बसला असेल तर ओल्या फडक्याने पुसून फोटो घ्या.

पलटण कळली की ती कुठल्या दिवशी कुठे होती हे युद्ध-रोजनिशीतून कळतं. या रोजनिशा लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळही चाळा. रोजनिशीत साहेबांची नावं असतात, शिपायांचे फक्त आकडे. तरी तारीख आणि जागा मिळते. इंटरनेटवर पहिल्या महायुद्धातल्या गाववार नोंदवह्या दिसतात, त्या पंजाबच्या आहेत. आपल्याकडची गावं त्यांत शोधण्यात वेळ घालवू नका.

आता गावाकडचं टोक

लष्करी कागदावरचं गाव हे बहुतेकदा भरतीच्या वेळचं गाव असतं, मूळ गाव नव्हे. तिथून मागे जायला महसूलचं दप्तर.

सातबारापासून सुरुवात करा, पण त्याच्यावर थांबू नका. खरा मजकूर फेरफारात असतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, त्यामुळे जुन्या वारस-फेरफारांतून पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत जाता येतं. 'अमुक मयत, वारस अमुक' या ओळींची माळ म्हणजेच तुमची वंशावळ. सातबाऱ्यावर आजोबांचं नावच नाही म्हणून घाबरू नका. ते पलटणीत असताना घरच्या मोठ्या भावाचं नाव लागायचं आणि पुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आमच्या आजोबांचं नाव परत आल्यानंतर चार वर्षांनी लागलं. त्या फेरफारात 'लष्करातील नोकरी सोडून आले' असा शेरा होता. दोन टोकं बांधणारा कागद मला तिथे मिळाला. जुने स्कॅन केलेले उतारे महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पाहता येतात. तुमच्या तालुक्याचे तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

त्याच कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक असतं. जन्म-मृत्यूची जुनी गाववार नोंद. जुनी पानं मोडी लिपीत असतात. १९१८च्या इन्फ्लुएन्झाची पानं उघडली की एकेका घरातले तीन-तीन मृत्यू ओळीने दिसतात. पणजोबांचे भाऊ 'लहानपणीच गेले' म्हणजे कसे गेले, ते इथे कळतं. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून अशी बरीच मोडी कागदपत्रं स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. दाखल्याची गरज नसली तरी गावाच्या नावाने ती बघा.

मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला पैसे देऊन वाचून घ्या, पण पानाचा फोटो आणि ओळीखाली ओळ असं लिप्यंतर मागा. 'सारांश' घेऊ नका. माझा सल्ला विचाराल तर स्वतःच शिका. दोन-तीन महिने रोज अर्धा तास दिला तर नावं आणि तारखा वाचता येऊ लागतात, आणि वंशावळीला तेवढंच लागतं.

शाळेचं जनरल रजिस्टरही सोडू नका. आडनाव कुठे बदललं हे तिथे पकडता येतं. साताऱ्याचंच उदाहरण घ्या. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या मुलाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 'भिवा रामजी आंबेडकर' असं लागलं. बाप पलटणीत सकपाळ, मुलगा शाळेत आंबेडकर, आणि दोन्ही नावांच्या मागे कोकणातलं आंबडवे गाव. बाबासाहेबांच्या घरी जे झालं ते आपल्याकडच्या हजारो घरांत झालं. गावावरून आलेलं '-कर' दिसलं की तो पत्ता समजा.

कोयनेकाठच्या घरांना एक वेगळी सूचना. गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं असलं तरी त्याचं दप्तर गेलेलं नाही. पाटण किंवा जावळी तालुक्याकडे, मेढ्याला, चौकशी करा.

कागद संपतो तिथे देव आणि हेळवी (ते कोण, हे पुढे सांगतो). कुलदैवत आणि देवक काय, लग्नात कुठल्या गावचा मान आधी जातो, जत्रेला कुठल्या गावाहून बोलावणं येतं, हे लिहून काढा. माणमधल्या घराण्याचं कुलदैवत पालीचा खंडोबा असेल तर कऱ्हाडच्या बाजूचा धागा तपासून बघावा. तो पुरावा नाही, पण कुठे खणायचं ते सांगतो. पंढरपूर, नाशिक, तुळजापूर इथल्या उपाध्यांच्या आणि पुजाऱ्यांच्या वह्यांत घराण्याची नावं असतात. गाव आणि आडनाव सांगून आपले उपाध्ये कोण ते विचारा आणि पूर्वजांनी केलेल्या सह्या बघायला मागा. शहाण्णव कुळींची छापील पुस्तिका उघडून तिच्यातला राजवंश मात्र स्वतःच्या वंशावळीच्या डोक्यावर चिकटवू नका. तसं केलं की खालचं सगळं खरं कामही खोटं पडतं.

हेळवी म्हणजे दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात घराण्यांच्या पिढ्या म्हणून दाखवणारे लोक. सुगीनंतर सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे. आपापली गावं आणि घरं वाटून घेतलेली असतात, आणि पोथीत नवीन जन्मलेल्यांची नावं चढवतात. आमच्या गावात ते कुणाच्या सोप्यात उतरतात हे विचारून ठेवलं आणि दोन वर्षं वाट पाहिली. आले तेव्हा चुलत्यांनी सूप भरून शाळू घातला, नवं धोतर दिलं, आणि त्यांनी नऊ पिढ्या म्हटल्या. सहावी पिढी दुष्काळात माणदेशातून आली, ते गावही सांगितलं. फेरफारातल्या चार पिढ्यांशी त्यांच्या चार पिढ्या जुळल्या, म्हणून वरच्या पाचांना मी पेन्सिलने लिहून ठेवलंय.

तुमच्याकडे हेळवी आले तर म्हणणं अडवू नका, मधे प्रश्न विचारू नका, पूर्ण म्हणू द्या आणि रेकॉर्ड करा. धान्य आधीच काढून ठेवा. आणि जाताना आजोबांचा नंबर आणि पलटण त्यांच्या पोथीत लिहून घ्यायला सांगा. आमच्यांनी लिहून घेतलं.